अक्काच्या दुकानाचा फुकट नंबर

३ फेब्रुवारी, मंगळवार
दु. चारला धुळ्याला फोन. आधी ती मशीनमधली बाई. मराठीसाठी एक दाबा, मोटार दुरुस्तीसाठी दोन. एक दाबला. मग वैशाली, भाच्याच्या दुकानात फोन घेते ती. म्हणाली, नाना, आजी केव्हाच्या येऊन बसल्यात.
अक्का, माझी थोरली बहीण, आली. बरा शे ना भाऊ, जेवना का. चार वाजता कोण जेवतं. पण रोज हेच विचारते आणि मी रोज हो म्हणतो.
आज आईचं सांगितलं. आई भाकरी डाव्या हाताने थापायची, त्यावरून आमची आजी तिला बोलायची. मला हे माहीत नव्हतं. आई गेली तेव्हा मी रांगत होतो म्हणे. फोटो नाही, काही नाही. तिला पाहिलेलं माणूस आता अक्का एकटीच उरली.

५ फेब्रुवारी
अक्काचा डावा कान पूर्ण गेला. उजवा थोडा आहे, पण डॉक्टरने तिच्या मुलाला, सुरेशला, सांगितलंय की तोही जाणार. वर्षात जाईल, दोन वर्षांत जाईल, सांगता येत नाही. मोबाईल लावला की तिच्या कानातलं मशीन शिट्टी मारतं. दुकानातला जुना जाड रिसीव्हर आहे, त्याचा आवाज शेवटपर्यंत वाढवला की तिला नीट ऐकू येतं. म्हणून घरातून खाली दुकानात येऊन बसते.
विचारायचं किती आहे. आई बोलायची कशी, हसायची का. मला काय म्हणून हाक मारायची. मी फक्त हं, मग, एवढंच म्हणतो आणि अक्का पुढे जाते. मधे हं म्हटलं नाही की थांबते, म्हणते, निजना का.

९ फेब्रुवारी
सुरेशशी दोन मिनिटं बोलणं झालं. दुकानात गर्दी नव्हती. म्हणाला, मामा, हा अठराशेचा फुकट नंबर घेतला ते बरं झालं. पूर्वी शिरपूर, चोपड्याकडचे शेतकरी मिस कॉल द्यायचे. पाण्याची मोटार जळलेली, पीक सुकतंय, तरी मिस कॉलच. दुकानातल्या माणसाचा दिवस परत फोन लावण्यात जायचा. आता फुकट म्हटल्यावर लोक मोकळेपणी बोलतात.
खरं आहे. मीच मोकळेपणी बोलतो. माझ्या मोबाईलमध्ये माझा मुलगा रवी फक्त फोन येत राहावा एवढंच रिचार्ज मारतो. बोलायचे पैसे नसतात. पण हा नंबर लागतो.

१५ फेब्रुवारी, रविवार
मनीषाचा भाऊ योगेश आला होता. (सूनबाईचा भाऊ. मोबाईल कंपनीच्या ऑफिसात आहे.) शेवभाजी केली होती. जेवताना रवीने माझी गंमत केली, नाना रोज अर्धा तास धुळ्याला बोलतात आणि खर्च शून्य. योगेश हसला. म्हणाला, शून्य कसा, तुम्हाला शून्य. फुकट असं काही नसतं नाना. ज्याचा नंबर तो भरतो. तुम्ही मिनिट बोललात की तुमच्या भाच्याच्या नावावर मिनिट चढलं.
मी म्हटलं, पण फोन तर मी लावला.
म्हणाला, तेच तर. लावणारा तुम्ही, भरणारे ते.
रवी म्हणाला, म्हणजे नाना बहिणीच्या घरचं खाताय रोज.
सगळे हसले. मीही हसलो. नंतर ताटातली भाजी तशीच ठेवली.

१६ फेब्रुवारी
चार वाजले. फोन केला नाही.
आबा, आमचे वडील, अक्काच्या सासरी गेले तर तिच्या घरचं पाणीही पीत नसत. शेजारी जाऊन पाणी मागायचे. लेकीच्या घरचं घ्यायचं नाही, तिला द्यायचं. मी भाऊ. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणायला जायचं, भाऊबीजेला साडी न्यायची. आणि दिवाळीपासून मी तिच्या पोराच्या पैशाने बडबडतोय. तेही आईच्या भाकरीवर.
सुरेशला कळत असणार. बिलावर माझा नंबर येत असेल. त्याच्या बायकोने पाहिलं असेल. कोणी बोललं नाही, हेच वाईट.

१८ फेब्रुवारी
वैशालीने तिच्या मोबाईलवरून फोन केला. नाना, तब्येत बरी आहे ना, आजी दोन दिवस खाली येऊन बसून गेल्या. मी म्हटलं, फोन बिघडलाय. ती म्हणाली, याच फोनवर तर बोलताय. मी म्हटलं, येतो, जात नाही.
पोरगी म्हणाली, मी लावून देऊ का? मी नको म्हटलं. तिच्या पैशाने तर मुळीच नको.
खोटं बोललो. का बोललो?

२१ फेब्रुवारी
झोप नीट नाही. सुरेशला विचारावं, किती होतात म्हणून? पण विचारलं तर तो नाही नाही मामा, बोला तुम्ही, असंच म्हणणार. मग बोलावंच लागेल आणि मनात राहील. न विचारलेलं बरं.

२५ फेब्रुवारी
बस स्टँडजवळच्या मोबाईलवाल्याकडे गेलो. त्याला म्हटलं, असा नंबर असतो का की ज्यात लावणारा पैसे भरतो, घेणाऱ्याला काही पडत नाही? त्याने माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, नाना, साधा फोन तसाच असतो.
मी म्हटलं, साधा नाही, दुकानाचा, कंपनीचा. सुरेशच्या दुकानाचं कॅलेंडर गुंडाळून नेलं होतं ते उघडलं. खाली दोन नंबर छापलेत. त्याने बोट ठेवून सांगितलं. अठराशेने सुरू होतो तो फुकट, पैसे मालकाचे. त्याच्या खालचा अठराशे साठवाला, त्यात पैसे तुमचे, साध्या फोनसारखे. आणि वर म्हणाला, महिन्याचं फुकट बोलण्याचं रिचार्ज असलं तरी काही वेळा हा त्यात धरत नाहीत, वेगळे कापतात.
मी म्हटलं, हाच पाहिजे.
तो हसायला लागला. लोक येऊन विचारतात फुकट कुठला, तुम्ही पहिले निघाले पैशाचा मागणारे. शेजारच्या रसवाल्यालाही सांगितलं त्याने. सांगू दे. बोलायचे पैसे मारून घेतले. घरी येताना हलकं वाटलं.

२६ फेब्रुवारी
चार वाजता तो खालचा नंबर लावला. हिंदी बाई, इंग्रजी बाई, मग गाणं. गाणं थांबेना. माझे पैसे गाण्यात चाललेले कळत होते, पण ठेववेना, आता उचलतील, आता उचलतील. शेवटी एक माणूस आला. मोटारचा नंबर सांगा म्हणाला. मी म्हटलं, अक्काला द्या. कौन अक्का? हा पुण्याला का कुठे लागतो. मोटार बनवणाऱ्या कंपनीचा आहे, सुरेशच्या दुकानाचा नाही.
मी काही सांगेपर्यंत पैसे संपले आणि फोन बंद झाला.
रवीला सांगितलं नाही.

४ मार्च
पुन्हा पैसे मारले. सरळ सुरेशच्या मोबाईलवर लावला. त्याला म्हटलं, अक्काला दे जरा. तो म्हणाला, मामा, दुकानाच्या नंबरवर करा की, हिला मोबाईलवर ऐकू येत नाही. मी म्हटलं, दे तर.
अक्का नुसती हालो हालो. मशीनची शिट्टी मला इथपर्यंत ऐकू आली. मी ओरडलो. मनीषा आतून धावत आली काय झालं म्हणून. तिकडे अक्का सुरेशला सांगत होती, कोन शे, कापूसवाला शे का?
सुरेश म्हणाला, मामा, अठराशेवर करा ना. मी बरं म्हटलं. केला नाही.

१० मार्च
ठरवलं. आखाजी महिन्याभरावर आहे. धुळ्याला जायचं आणि अक्काला इकडे आणायचं, पूर्वी मी आणायचो तशी. तेव्हा ती चोपड्याच्या बाजूला आमच्या गावी यायची, आता जळगावला येईल. माझ्या घरी, माझ्या पलंगावर बसून बोलेल. उजव्या कानाजवळ तोंड नेऊन विचारीन. कोणाचं मिनिट नाही, काही नाही. रवीला बोललो, तो म्हणाला आणा की, गाडी करू. मनीषा म्हणाली, खापरावरचे मांडे करायला माझ्याने होणार नाही, विकत आणू. चालेल.
तोवर फोन नाही केला तर काय बिघडतं. महिनाच तर आहे.

१७ मार्च
वैशालीचा फोन. आजी अजून चारला खाली येतात. बसतात आणि जातात. विचारतात, भाऊना फोन उना का. मी सांगितलं, तिला सांग, आखाजीला न्यायला येतोय. वैशाली म्हणाली, ओरडून सांगते, पण नाना, तुम्ही सांगितलं तर त्यांना बरं वाटेल.
खरं तर तेव्हाच लावायला हवा होता. हात गेलाही होता. तेवढ्यात रवी आला आणि म्हणाला, काय नाना, भाच्याला बुडवताय का आज? गंमतच केली त्याने. मी फोन ठेवला.

२९ मार्च
ऊन सुरू झालं. गुडघा दुखतो. अक्कासाठी साडी पाहिली, हिरवी. तिला हिरवी आवडते की नाही तेही माहीत नाही, कधी विचारलं नाही. मनीषा म्हणते म्हाताऱ्या माणसाला काहीही आवडतं. तसं नसतं.
विचारायचं ते कागदावर लिहायला बसलो. आई कोणत्या गावची. तिचे भाऊ कुठे गेले. पुढे सुचेना, कागद तसाच.

७ एप्रिल
सुरेशचा फोन सकाळी. अक्काला चार दिवस ताप होता. उतरला. पण उजव्या कानाने ऐकू येत नाही. आधी वाटलं सर्दीने बसला असेल. काल डॉक्टरकडे नेलं. आता तो कान परत यायचा नाही म्हणाले. मशीन काढूनच टाकलं.
मी विचारलं, काहीच नाही?
काहीच नाही मामा. भांडं पडलं तरी वळत नाही.
फोन ठेवला. मनीषाने चहा दिला, तो निवला. रवी म्हणाला, वय झालं त्यांचं, आज ना उद्या होणारच होतं. हो. पण आज ना उद्या यांच्यातलं

८ एप्रिल
काल पुढे लिहिता आलं नाही.

१० एप्रिल, शुक्रवार
धुळ्याला गेलो. एकटाच, एसटीने. पारोळ्यापर्यंत उभा, मग जागा मिळाली.
आधी दुकानात. सुरेश उठून पाया पडला. मी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. योगेश काय बोलला, मी फोन का बंद केला. तुझ्यावर भार नको म्हणून, असं म्हटलं. सुरेशला आधी हसू आलं. मग हसू गेलं. म्हणाला, मामा, महिन्याची मिनिटं आम्ही आधीच घेऊन ठेवतो. पैसे अगोदर जातात. त्यातली वापरली नाहीत तर महिनाअखेरीला वाया जातात, पुढच्या महिन्यात येत नाहीत. मोसमात पुरत नाहीत, मग वरचे भरावे लागतात. पण फेब्रुवारी-मार्चला कोण फोन करतं? निम्मी फुकट गेली. तुम्ही रोज तासभर बोलला असता तरी आम्हाला तेवढेच पडले असते.
वैशाली खाली मान घालून काहीतरी लिहीत बसली होती.
सुरेश म्हणाला, एकदा विचारायचं ना मामा.
बहिणीच्या घरी कसं विचारायचं, असं मी म्हणणार होतो. म्हटलं नाही. त्याची चूक नाही. योगेशचीही नाही, त्याने सांगितला तो नियम खराच आहे, अर्धा सांगितला एवढंच. अर्ध्यावर उठून चालू लागलो तो मी.

तोच दिवस, रात्री
दुकानातून वर घरात गेलो, अक्का खाटेवर बसली होती. मला पाहून हात पुढे केला. हात फार हलका झालाय. मी बरी आहेस ना म्हटलं. तिने ओठांकडे पाहिलं आणि म्हणाली, हा, च्या पीसू. चहा, जेवण, औषध, एवढं तिला ओठांवरून कळतं. बाकी नाही. लिहून दाखवावं तर तिला अक्षर येत नाही. आबांनी मला चौथीपर्यंत पाठवलं, तिला पाठवलंच नाही. ती मला कडेवर घेऊन शाळेच्या दारापर्यंत यायची आणि परत जायची.
मग तिने विचारलं. आवाज मोठा लागतो आता तिचा, खाली दुकानात ऐकू गेलं असेल. म्हणाली,
“भाऊ, तू मन्हावर रागे भरेल शे का?”
मी मान हलवली, नाही. ती म्हणाली, मग फोन काबरं बंद कया?
हे हाताने कसं सांगायचं? फोन कानाला लावून दाखवला. पैशाची खूण केली. तिला वाटलं मला पैसे हवेत. उशाखालची पिशवी काढायला लागली. मी तिचे हात धरले. सुरेशची बायको दारात उभी होती, ती आत निघून गेली.
चहा प्यालो. पाणीही प्यालो. त्या घरी पहिल्यांदा.

१९ एप्रिल, आखाजी
अक्काला आणलं नाही. डॉक्टर म्हणाले, अजून अशक्तपणा आहे, उन्हात नको. साडी सुरेशच्या माणसाबरोबर पाठवली. घरी मांडे आणले विकतचे. रवी दिवसभर माझ्याशी जरा जपून बोलत होता. संध्याकाळी म्हणाला, नाना, त्या दिवशी मी आपली गंमत केली. मी म्हटलं, माहीत आहे रे. त्याला खरंच माहीत आहे का मला काय झालं ते? मलाच नीट सांगता येत नाही. राग कोणावरच नाही. म्हणून तो कुठे ठेवावा कळत नाही.

२३ एप्रिल
दु. चारला फोन वाजला. दुकानाचा. वैशाली म्हणाली, नाना, आजींनी लावायला सांगितलाय, देते.
अक्का. साडी मिळाली म्हणाली. हिरवा रंग बरा शे. माले ऐकू येस नही भाऊ, तू ऐक. आणि बोलत राहिली. सुरेशच्या मोठ्या मुलीसाठी स्थळ बघताहेत. माठातलं पाणी गार होत नाही. मी हं हं म्हणत होतो. तिला ते पोचत नाही, पण न म्हणता ऐकताच येईना.
कोणाचे पैसे पडतात हे विचारलं नाही.

२४ एप्रिल
पुन्हा आला. आज काही विशेष नाही. खोकते.

२८ एप्रिल
आज आपणहून आईचं काढलं. मी विचारलंही नव्हतं. म्हणजे विचारतो मी रोज, फोनमध्ये बोलतो, ते कुठे जातं कोण जाणे. आई एकदा रुसून माहेरी निघाली. मला कडेवर, अक्काला बोटाला. नदीपर्यंत गेली. पाणी होतं. नाव पलीकडच्या काठाला. आई काठावर बसली आणि म्हणाली,
इथे अक्का थांबली.
या जागी मी हं म्हणायचो. म्हटलं. हं. मग? मग काय म्हणाली? पलीकडे नुसता तिचा श्वास. दुकानात कोणीतरी पाइपाचं माप सांगत होतं. मी जोरात म्हटलं, अक्का, मग? मनीषा दारात येऊन उभी राहिली.
बराच वेळ गेला. मग अक्का म्हणाली,
“भाऊ, शे का तू तठे?”
आहे म्हटलं. आहे, अक्का. परत परत म्हटलं. तिने आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग तिकडून रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला.

२९ एप्रिल
चार वाजून गेले. फोन नाही. वैशालीच्या मोबाईलवर लावावा, की अठराशेवरच लावावा? लावून तरी अक्काला काय सांगणार. ऊन उतरेपर्यंत बसून राहिलो, हातात फोन घेऊन.